माझ्या वाटणीची मुळं

साचिको स्वयंपाकघराच्या फरशीवर आकडी येऊन पडली होती आणि मी तिच्या नाकाशी माझी चप्पल धरली होती. आकडीला चप्पल हुंगवतात, एवढंच मला ठाऊक. कांदाही चालतो, पण कांदे खालच्या कपाटात होते आणि चप्पल पायात होती. तिच्या तोंडातून फेस येत होता. फेसात चावलेली हिरवी पानं होती आणि रक्त होतं, कारण जीभ दातांत सापडली होती. डोळ्यांचं नुसतं पांढरं दिसत होतं. पाठ वर उचलली जायची आणि फरशीवर आपटायची, पुन्हा उचलली जायची. माझा मुलगा नितीन एका हातानं फोन कानाशी धरून घराचा पत्ता सांगत होता. दुसऱ्या हातानं त्यानं माझी चप्पल हिसकली आणि फेकली. मग तोच सिंकवर वाकला आणि भडाभडा ओकला, पत्ता अर्धाच सांगून.

उरलेला पत्ता मिनूनं सांगितला. मिनू माझी नात, तेव्हा आठ वर्षांची. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तिनं फोनमधल्या बाईला तिच्या आयरिश इंग्रजीत सगळं नीट सांगितलं. फरशीवर पडली होती ती तिची आई, माझी सून. साचिको जपानची आहे, मराठी ती लग्नानंतर शिकली. नितीनला ती डब्लिनच्या ऑफिसात भेटली. लग्नाला आता अकरा वर्षं होतील.

ही गेल्या मार्चची गोष्ट. आता पुन्हा मार्च आलाय. आयर्लंडमधल्या ड्रोहेड्यात आमच्या वसाहतीच्या मागे एक ओढा आहे, पुढे जाऊन तो बॉइन नदीला मिळतो. मिनूला शाळेतून आणताना त्याच्या काठानं यावं लागतं. काठ हिरवागार झालाय. पिवळी फुलं आलीत, पलीकडच्या रानात मेंढ्यांना पोरं झालीत, आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस आभाळाकडे बघून किती छान दिवस आहे म्हणतो. मी मान हलवते. मला त्या हिरव्याची शिसारी येते. पाण्याला चिकटून, चिखलातून वर आलेली ती तुकतुकीत पानं बघितली की तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

मला पाल्याची शिसारी यावी हे कोणी ऐकलं तर हसेल. मुरबाडकडची मी. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि आईबरोबर रान सुरू झालं. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, बांबूचे कोंब, सगळं डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं. लग्न झाल्यावर कल्याणच्या बाजारात वीस वर्षं तेच केलं. गिऱ्हाईक विचारायचं, "खाजणार नाही ना गं?" मी म्हणायची, "खाजलं तर उद्या येऊन माझ्या तोंडावर मार." कोणी आलं नाही. पाला हातात घेतला की देठ मोडायचा, वास घ्यायचा, जिभेच्या टोकाला लावायचा. दुसरी शाळा मी केली नाही, आणि या शाळेत कधी नापास झाले नाही, असं मी मिनूला चार वेळा तरी सांगितलं असेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मिनूच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती. साचिको, नितीन आणि मिनू तिच्या माहेरी निघाले, मलाही घेतलं. तिचं गाव उत्तरेकडे आहे, डोंगराच्या पायथ्याशी, बर्फ वितळत आलेला. घरी तिची आई एकटी. माझ्याच वयाची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, दिवसभर गुडघ्यांवर. साचिकोचं तोंड तिथे गेल्या गेल्या बदललं. इथे ती जेवते तेव्हा काम उरकल्यासारखी जेवते. तिथे आईनं वाडगा पुढे ठेवला की आधी डोळे मिटून वाफ घ्यायची, मग खायची आणि खाताना आवाज करायची. प्रत्येक पदार्थ त्या महिन्याचाच. ही कळी आत्ताच निघते, हा मासा आत्ताच येतो, पंधरा दिवसांनी मिळणार नाही, असं ती मला सांगायची. ते मला समजत होतं. शेवळं पण पंधरा दिवसांचीच असतात.

समजत होतं, पण गिळवत नव्हतं. बर्फातून काढलेल्या कळ्या तळून दिल्या, त्या कडुनिंबाच्या वरताण कडू. किसलेला एक कंद आला, पांढरा, चमचा उचलला की वाडग्यापर्यंत तार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भातावर बोटाच्या पेराएवढे कच्चे मासे, काचेसारखे, आतून पलीकडचं दिसेल असे. प्रत्येकाला दोन काळे डोळे. सगळे डोळे माझ्याकडे. मी बोंबील, सुकट, मांदेली सगळं खाल्लेली बाई आहे, मला माशाचं कौतुक सांगू नये. पण मासा आधी मरावा, मग शिजावा. एक घास मी तोंडात घेतला आणि तळहातावर काढून ठेवला.

"शेंबडात किडे पडलेत," मी नितीनला म्हणाले.

मराठीत म्हणाले. पण मिनू बसली होती शेजारी. तिला मराठी कळतं, आईची भाषा बोलता येते, आणि आपल्याला भाषांतर येतं याचा तिला फार अभिमान. तिनं लगेच तिच्या जपानी आजीला सांगून टाकलं, शेंबडाचं कसं म्हणतात ते नाक दाखवून. विहीणबाई हाताआड हसल्या. मग त्यांनी माझ्या पुढचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला, वाकल्या आणि आत नेला. साचिको ताटाकडे बघत राहिली.

नितीननं मला बाहेर बोलावलं, जोडे काढतात तिथे. "आई, नाही आवडलं तर खाऊ नकोस. पण बोलायचं नाही. तोंडही करायचं नाही."

"तोंड माझं आहे."

"साचिको तुझ्या हातचं सगळं खाते ना? तू घरात सुकट भाजतेस, दोन दिवस पडद्यांना वास येतो. कधी एक शब्द बोलली?"

"मी काय तिला विष घालते का?"

"आई, दहा वर्षांत तू तिच्या हातचं एकदा तरी चांगलं म्हणालीस का? एकदा. मला आठवत नाही, तुला आठवत असेल तर सांग."

मला आठवेना. मी म्हटलं, "बरं. नाही बोलत."

त्याच दिवशी दुपारी जेवायला सेरी आली, ओढ्याकाठची पालेभाजी. मातीच्या भांड्यात उकळी फुटलेलं पाणी, त्यात कोंबडीचे तुकडे, आणि वरून मूठमूठ हिरवा पाला, मुळांसकट. मुळं केसांसारखी बारीक, पांढरी, घासून घासून धुतलेली. पाला आत टाकायचा, दहा मोजायचे, काढायचा. मी जीव मुठीत धरून तोंडात घातला, आणि तो चांगला लागला. कोथिंबीर आणि ओवा यांच्या मधला वास, दाताखाली कर्रकन वाजणारी मुळं. मी वाडगा पुन्हा पुढे केला. विहीणबाईंनी साचिकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावरचा हात काढून हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात सोन्याचे आहेत हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला ओढ्यावर घेऊन गेल्या. रबरी बूट घालून आम्ही दोघी म्हाताऱ्या पाण्यात उभ्या राहिलो. पाय बधीर झाले. त्या हात चिखलात घालून मुळापाशी कसं सोडवायचं ते दाखवत होत्या आणि त्या मला काय दाखवणार, ते मला येतच होतं. त्यांची एक भाषा, माझी एक. तासभर एकही शब्द नाही. टोपली भरली. साचिको काठावर उभी राहून फोटो काढत होती आणि पुन्हा पुन्हा "आई, आई" म्हणत होती. विहीणबाईंनाही तो शब्द एव्हाना कळायचा; दोघींतल्या कोणत्या आईला हाक मारतेय ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं, दोघीही वर बघायचो. तेवढा एक तास मला त्या देशात बरा गेला.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी, इथे आयांचा रविवार असतो तो आला. मुलं आईला कार्ड देतात. मिनूनं साचिकोला दिलं. साचिको ते घेऊन खिडकीशी बसली आणि तिचं तोंड पुन्हा काम उरकल्यासारखं झालं. मग म्हणाली, "आई, फिरायला येता?"

ओढ्याशी तिलाच आधी दिसली. "आई, सेरी." कडेच्या पाण्यात, तशीच पानं, तसंच झुबकेदार. ती खाली बसली, पण हात लावेना. "इथे असते का? आई, हे तेच ना?"

मी देठ मोडला. वास घेतला. कोथिंबीर, ओवा, थोडं गाजर. जिभेला लावला, कडू नाही, खाजत नाही. मागे वळून तिला म्हटलं, "तेच. मला पाला सांगतेस?"

ती लहान पोरीसारखी हसली. मीच उपटून दिलं. मुळं वर आली ती केसांसारखी नव्हती. जाड होती, पांढरी, पाच पाच सहा सहा एका जुडीत, फुगलेली. साचिको म्हणाली, "मोठी आहेत." मी म्हटलं, इथलं सगळंच मोठं असतं. गाजर बघ, बटाटा बघ, माणसं बघ. शेवळं ओल्या जमिनीत जाड होतात, तसंच हे. याला माझं शहाणपण म्हणायचं.

घरी चिरताना पाटावर पिवळा रस सुटला, तेलकट, बोटांना चिकटला. कंदाला चीक असतो, चीक असला की आंबट घालायचं. सुरणाला चिंच, शेवळांना काकडं. मी मुळं चिंचेच्या पाण्यात बुडवली, वीस मिनिटं ठेवली, पिळली, पाणी फेकलं. सात पिढ्यांनी असंच केलंय आणि कोणाचा घसा खाजलेला नाही. साचिको शेजारी उभी राहून बघत होती. "हे माझ्या आईला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तिला सांगेन." मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते.

जेवायला बसलो. मिनूनं पाव आणि लोणी घेतलं, ती हिरवं काही खात नाही. नितीननं एक वाडगा घेतला, नुसतं पाणी आणि पानं. साचिकोनं माझ्यासाठी वाडगा भरला आणि मुळं निवडून निवडून त्यात वर ठेवली, कारण तिच्या आईकडे मला मुळं आवडली होती. मी वाडग्यात बघितलं. रस्सा स्वच्छ, आणि त्यात कोणाची तरी बोटं. शिजून फुगलेली, गोरी, पेरापेरांची बोटं. माझ्या पोटातून असं काही वर आलं की मला दात आवळावे लागले.

मी आयुष्यभर किळस आली की थुंकले आहे. माझ्या सासूच्या घरी थुंकले, लग्नाच्या पंगतीत थुंकले. लोक मला फटकळ म्हणतात, म्हणू देत. गायीला कोणी शिकवत नाही कोणत्या पाल्याला तोंड लावायचं नाही ते, ती नाक वर करते आणि पुढे जाते. आता माणसांना उलटं शिकवतात. सगळं खाऊन बघावं, तोंड करू नये, समोरच्याला वाईट वाटतं. तोंड करायचं नाही असं मी नितीनला कबूल केलं होतं. सत्तर वर्षांत एक दिवस मी चांगलं वागले, तो हा दिवस.

मी वाडगा साचिकोपुढे सरकवला. म्हटलं, "तू खा. तुझ्या माहेरचं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मुळं एक एक उचलून खाल्ली, आवाज करत, डोळे मिटून. स्वतःची खाल्ली आणि माझी खाल्ली. दीड तासानं ती भांडी पुसता पुसता फरशीवर पडली.

अँब्युलन्स तिला आणि नितीनला घेऊन गेली. शेजारची ब्रीड धावत आली. ब्रीड ऐंशीची आहे, शेतावर वाढलेली, तिचं अर्धं बोलणं मला कळत नाही. "काय खाल्लं तिनं?" तिनं मिनूला विचारलं. मिनूनं भाजीच्या सालांचा तपकिरी डबा दाखवला. ब्रीडनं झाकण उघडलं, आतून एक मूळ काढलं आणि तशीच हातात धरून उभी राहिली.

"अरे देवा. मिसेस, नाही. नाही, नाही." मग मिनूकडे बघून हळू काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

मिनूनं भाषांतर केलं नाही. पहिल्यांदाच. मी तिच्या दंडाला धरून हलवलं तेव्हा इंग्रजीतच म्हणाली, "शी सेज इट्स कॉल्ड डेड मॅन्स फिंगर्स, आजी. इट किल्ड हर डॅड्स काऊज."

एवढं इंग्रजी मला येतं.

हॉस्पिटलवाल्यांना झाड बघायला हवं असणार म्हणून मी डब्यात हात घातला. केळ्याची सालं, चहाचा चोथा, कालचा भात, आंबलेलं पाणी, आणि त्यातून ती बोटं एक एक शोधून पिशवीत भरली. हात कोपरापर्यंत बरबटला. ब्रीडच्या मुलानं मला गाडीतून नेलं, खिडक्या उघड्या ठेवून. नाक त्यालाही होतंच.

तिथे एक मराठी डॉक्टर भेटला, नागपूरचा. त्यानं पिशवी घेतली, आत बघितलं, कोणाला तरी दिली. मग माझ्यासमोर बसला. "काकू, तुम्ही किती खाल्लं?"

"मी नाही खाल्लं."

"काहीच नाही? चाखलं वगैरे?"

"देठ जिभेला लावला होता. बाकी नाही."

"का बरं?" मी बरबटलेला हात पुसत राहिले. मग तोच म्हणाला, "उपास असेल आज तुमचा."

मी हो म्हणून मान हलवली. रविवारी मी जन्मात कधी उपास केलेला नाही.

नितीनला बाजूच्या खाटेवर सलाईन लावलं होतं. तो डॉक्टरला सांगत होता, "आईनं स्वतःच्या वाटणीचं पण हिलाच दिलं, डॉक्टर. तिचं माहेरचं म्हणून." आणि रडायला लागला. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताची किळस आली, तो चांगला माणूस होता तरी. माझी स्वतःची तर इतकी आली की कातडी सोलून ठेवता आली असती तर ठेवली असती.

साचिकोला झोपवून ठेवलं होतं, घशात नळी. हात बांधलेले. आकड्या थांबत नव्हत्या म्हणून औषधानं सगळंच थांबवलं होतं. तिसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, तीन विमानं बदलून, अंगावरच्याच कपड्यांत. बिछान्याशी उभ्या राहिल्या, वाकल्या, लेकीच्या पायाचा अंगठा धरला आणि सोडलाच नाही. मिनूनं त्यांना सगळं सांगितलं असणार. त्या माझ्याकडे वळून वाकल्या, नेहमीसारख्या. मी वाट बघत होते की थोबाडीत मारतील. मी मारली असती. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला, प्रवासात खायला आणलेल्या भाताचे गोळे. मी तिथेच खुर्चीवर बसून ते खाल्ले. थंड होते, आत काहीतरी आंबट होतं. मला आवडले नाहीत. सगळे खाल्ले.

मे महिन्यात एका सकाळी घरात आम्ही दोघीच होतो. साचिकोची जीभ भरून आली होती, तरी शब्द जाड यायचे. हाताला कंप होता, कप दोन्ही हातांनी धरायची. मी ठरवलं होतं की सांगायचं. म्हटलं, "साचिको, त्या दिवशी माझा उपास नव्हता."

"माहीत आहे."

"मी ते तुला प्रेमानं दिलं नाही. मला किळस आली होती. बघूनच."

"हो, आई. तुमचं तोंड दिसलं मला." तिनं दात आवळून, नाक आखडून माझं तोंड करून दाखवलं. हुबेहूब केलं.

"दिसलं, तर मग माझं का खाल्लंस?"

तिनं कप खाली ठेवला. कपातलं थोडं सांडलं, ते बाहीनं पुसलं. "तुम्ही दिलंत," ती म्हणाली. "तुम्ही कधी काही देत नाही."

  त्यानंतर मी तिला काही दिलं आहे असंही नाही, सवय नसते.

त्या भांड्यातलं दोघांनी खाल्लं, नितीननं आणि साचिकोनं. दोघंही जगली. माझं त्यात धरू नये, मी खाल्लंच नव्हतं.